डावी बाजू विसरणाऱ्या वडिलांसाठी स्मार्ट व्हीलचेअर घ्यावी का?

प्रश्न थोडक्यात असा: वडील ७८ वर्षांचे. दीड वर्षापूर्वी मेंदूच्या उजव्या बाजूला स्ट्रोक झाला. डावा हात जवळपास निकामी आहे, डावा पाय कमजोर आहे. आता विसरभोळेपणा वाढलाय आणि डॉक्टरांनी व्हॅस्क्युलर डिमेन्शियाची (मेंदूचा रक्तपुरवठा बिघडून होणाऱ्या स्मृतिभ्रंशाची) सुरुवात सांगितली आहे. घरातली साधी व्हीलचेअर ब्यूरोच्या मावशी ढकलतात. वडिलांना स्वतः फिरायचंय, दर वेळी हाक मारावी लागली की ते चिडतात. परदेशातल्या भावाने आपोआप चालणाऱ्या खुर्चीचा व्हिडिओ पाठवलाय. पुण्यात दोन बेडरूमचा फ्लॅट. अशी खुर्ची घ्यावी का, आणि कोणती?

आपोआप चालणारी घेऊ नका. सेन्सर लावलेल्या मोटारच्या खुर्चीचा उपयोग होऊ शकेल, पण ती शेवटची पायरी आहे. त्याआधीच्या पायरीवर काम भागलं तर पैसे वाचतील आणि वडिलांना नवं काही शिकावंही लागणार नाही. म्हणून त्याच क्रमाने सांगते.

आधी आत्ताच्या खुर्चीची उंची मोजा. दुकानात मिळणाऱ्या घडीच्या व्हीलचेअरची बैठक जमिनीपासून साधारण ५० सेंमी असते. त्यावर ५ सेंमीची गादी घातली की ५५. एवढ्या उंचीवरून पाय टेकत नाहीत, त्यामुळे माणूस ढकलणाऱ्यावर अवलंबून राहतो आणि घरच्यांना वाटतं की त्याला जमतच नाही. अर्धांगवायू झालेल्या माणसाचा एक हात आणि एक पाय शाबूत असतो, आणि खुर्ची चालवायला तेवढं पुरतं. वडिलांना घरातले बूट घालून बसवा, गुडघ्यामागच्या खळगीपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. गादी दबल्यावरची बैठकीची उंची तेवढीच किंवा एखादा सेंटिमीटर कमी हवी. बहुतेकांच्या बाबतीत हा आकडा ४० ते ४५ सेंमीच्या दरम्यान येतो. उजवं पायदान काढून टाकायचं. उजव्या हाताने चाक फिरवायचं, उजवी टाच पुढे टेकवून खुर्ची ओढायची. दिशासुद्धा त्याच पायाने धरली जाते. नुसत्या एका हाताने ढकललं तर खुर्ची गोल फिरते, हे लक्षात असू द्या.

यात नेहमी दोन गोष्टी बिघडतात. पायाने ओढताना माणूस बैठकीवर पुढे घसरत जातो, कारण रेक्झिनची बैठक झोळीसारखी खोल गेलेली असते. गादीखाली १२ मिमीचा प्लायवूड घाला आणि पट्टा पोटावर न बांधता मांडीच्या सांध्यावरून, मागे-खाली ४५ अंशांत जाईल असा लावा. हा पट्टा वडिलांना उजव्या हाताने स्वतः सोडता आला पाहिजे. नाही आला तर ते बांधून ठेवणं झालं. दुसरं म्हणजे गुळगुळीत टाइल्सवर मोज्यांनी किंवा घरातल्या स्लिपरने पकड बसत नाही. मागून बंद असलेला, रबरी तळव्याचा बूट लागतो. काही खुर्च्यांत मागच्या चाकाचा आस वरच्या भोकात बसवून आणि पुढची चाकं लहान लावून उंची कमी करता येते. स्वस्त वेल्डिंगच्या फ्रेममध्ये ही सोय नसते, तिथे कमी उंचीची खुर्चीच घ्यावी लागते. दोन-तीन आठवडे रोज करून बघा. पलंगापासून जेवणाच्या टेबलापर्यंत ते दमून न जाता पोचत असतील, तर पुढचं वाचायची घाई नाही.

नाही जमलं, धाप लागते, खांदा दुखतो, तर मोटारचा विचार करा. पण त्याआधी तपासणी. इथे लोक एमएमएसई किंवा मोका या स्मृती आणि विचारशक्ती तपासणाऱ्या चाचण्यांच्या गुणांवर अडून बसतात. इतके गुण असले की खुर्ची चालवता येते आणि त्याखाली येत नाही, अशी कुठलीही रेषा नाही. कमी गुण मिळालेला माणूस ओळखीच्या पॅसेजमधून सुरेख खुर्ची नेतो, आणि बऱ्या गुणांचा माणूस दर वेळी डावीकडची चौकट ठोकतो. काय बिघडलंय ते गुणांपेक्षा महत्त्वाचं.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत पहिला संशय डाव्या बाजूच्या नेग्लेक्टचा. उजव्या मेंदूच्या स्ट्रोकनंतर डोळे शाबूत असूनही डाव्या बाजूचं जग मेंदूच्या हिशेबातच येत नाही. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते, दाढी उजव्या गालाचीच होते, घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं तर बाराही आकडे उजव्या अर्ध्यात कोंबले जातात. आडव्या कागदावर २० सेंमीची रेघ मारा आणि मध्यावर खूण करायला सांगा. खूण ठळकपणे उजवीकडे सरकली तर थेरपिस्टला दाखवा. नुसती डावीकडची नजर गेली असेल तर प्रकरण वेगळं. तो माणूस, एकदा सांगितलं की, मान वळवून बघायला शिकतो. नेग्लेक्टवाल्याला डावीकडे काही राहिलंय हेच पटत नाही. दोन्ही एकत्रही असू शकतात. स्मार्ट खुर्ची निवडताना हा फरक सर्वांत जास्त कामाला येतो. पुढे त्याकडे पुन्हा यायचंय.

मग प्रत्यक्ष खुर्चीवर चाचणी, ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून मदत करणारा तज्ज्ञ) सोबत असताना. कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठाची व्हीलचेअर स्किल्स टेस्ट अशा कामासाठीच आहे. मोटारच्या खुर्चीसाठी तिची वेगळी आवृत्ती आहे. घरच्या घरी निदान एवढं बघा: सांगितल्यावर सुरू करतात का, “थांबा” म्हटल्याबरोबर जॉयस्टिक (खुर्ची चालवायची हाताशी असलेली दांडी) सोडतात का, दारातून जाताना दोन्ही चौकटींकडे बघतात का, मागे घेताना मान वळवतात का, समोरून कुणी अचानक आडवं आलं तर काय करतात, आणि “देवघराकडे चला” म्हटल्यावर वाटेत विसरतात का. सकाळी एकदा आणि संध्याकाळी दिवेलागणीला एकदा, दोन्ही वेळा. डिमेन्शियात संध्याकाळचा माणूस वेगळा असतो.

सर्वांत महत्त्वाची चाचणी “थांबा”ची. मोटारच्या खुर्चीची सगळी सुरक्षा एका गोष्टीवर उभी आहे: जॉयस्टिक सोडली की ती मध्यावर येते, मोटार थांबते आणि इलेक्ट्रोमॅग्नेटिक ब्रेक आपोआप लागतो. घाबरल्यावर हात आणखी घट्ट आवळणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही सुरक्षा उलटते. अशा माणसाला कुठलाही सेन्सर लावला तरी चालवायला देऊ नये. तसंच ज्यांना नसलेली माणसं दिसतात, ज्यांची शुद्ध तासातासाला वरखाली होते, फिट्स आटोक्यात नाहीत, किंवा जे चालत्या खुर्चीतून उठून उभं राहायला बघतात, त्यांनाही नाही. विसरणं मात्र या यादीत नाही. कुठे जायचं ते विसरलं तर माणूस पॅसेजमध्ये थांबून राहतो, त्याने कुणाला इजा होत नाही.

आता भावाच्या व्हिडिओबद्दल. स्मार्ट म्हणवणाऱ्या खुर्च्या तीन प्रकारचं काम करतात: अडथळा आला की इशारा देणं, वेग कमी करणं किंवा थांबवणं, आणि दिशा हातात घेऊन स्वतः नेणं. डिमेन्शिया असलेल्या वृद्धांसाठी या विषयावर सर्वांत चिकाटीचं काम कॅनडात झालं. तिथल्या वृद्धाश्रमांत स्मृती कमी झालेल्या माणसाला मोटारची खुर्ची बहुधा नाकारलीच जायची, कारण धडक बसण्याची भीती. टोरांटोचे संशोधक ॲलेक्स मिहैलिदिस आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दोन भिंगांच्या कॅमेऱ्याने अडथळा ओळखून त्या दिशेची हालचाल रोखणारी खुर्ची मांडली. पुढे पूजा विश्वनाथन यांनी ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात असताना ‘नोआ’ नावाच्या प्रणालीत त्याला वाट सांगणाऱ्या आवाजाची जोड दिली. त्याच विश्वनाथन यांनी नंतर टोरांटोत ब्रेझ मोबिलिटी ही कंपनी काढली. तिचं उत्पादन म्हणजे कुठल्याही व्हीलचेअरला लावता येणारे अल्ट्रासोनिक सेन्सर, जे दिवा, आवाज किंवा थरथर यांनी फक्त इशारा देतात. इतकं संशोधन करून बाजारात आणलं ते सर्वांत साधं काम. माझ्या मते यातच या क्षेत्राची खरी स्थिती दिसते.

गरज नाही असं नव्हे. अमेरिकेतल्या थेरपिस्टांची एक पाहणी २००० साली प्रसिद्ध झाली. तीत मोटारच्या खुर्चीचं प्रशिक्षण घेणाऱ्यांपैकी ९ ते १० टक्क्यांना ती रोजच्या कामासाठी वापरणं अत्यंत कठीण किंवा अशक्य जातं, आणि ४० टक्क्यांना वळवणं-फिरवणं जमत नाही किंवा फार जड जातं, असं त्यांनी सांगितलं होतं.

आपोआप चालणारी खुर्ची खरीच आहे, खोटी नाही. टोकियोच्या हानेदा विमानतळावर २०२० पासून व्हिल कंपनीच्या अशा खुर्च्या प्रवाशांना गेटपर्यंत सोडतात. पण तिथे नकाशा आधीच भरलेला, जमीन सपाट, वाटा रुंद, माणूस एकदाच बसतो आणि ठरलेल्या जागी उतरतो. तुमच्या घरी दर तासाला जेवणाच्या खुर्च्या हलतात, कपड्यांचा स्टँड पॅसेजमध्ये येतो, नातवाची सायकल दारात असते. शिवाय वडिलांची तक्रारच अशी की दुसऱ्याने नेऊ नये. मावशीऐवजी यंत्राने नेलं तर ती कशी सुटणार?

तेव्हा मोटारची साधी पण चांगली खुर्ची, आणि तिचं सेटिंग. डीलर इथेच हात झटकतात, म्हणून नीट वाचा. आतल्या भागात मोटार ताब्यात ठेवणारा कंट्रोलर असतो, त्यात कमाल वेग, वळण्याचा वेग, वेग घेण्याची आणि थांबण्याची तीव्रता हे सगळं वेगवेगळं बसवता येतं. त्यासाठी डीलरकडे हातात धरायचं प्रोग्रामर यंत्र किंवा लॅपटॉपचं सॉफ्टवेअर असतं. व्हीआर२ किंवा आर-नेट यांसारख्या कंट्रोलरमध्ये ही सोय आहे. नुसती वेगाची पाच बटणं असलेल्या स्वस्त खुर्चीत ती नसते. तिथे पहिल्या नंबरवरही खुर्ची झटक्याने सुटते आणि वळताना गर्रकन फिरते. विकत घेण्याआधी विचारा: “वळण्याचा वेग वेगळा कमी करून द्याल का?” उत्तर गोलमाल आलं तर दुसरीकडे जा.

सुरुवातीला कमाल वेग तासाला दीड ते दोन किमी ठेवा. बहुतेक खुर्च्या सहा किमीपर्यंत जातात. फरक किती पडतो ते हिशेबाने बघा. माणसाचा किंवा सेन्सरचा प्रतिसाद ०.३ सेकंद उशिरा आला आणि ब्रेकने दर सेकंदाला वेग सेकंदाला १ मीटरने कमी केला, तर दोन किमीच्या वेगाला खुर्ची सुमारे ३२ सेंमीत थांबते. सहा किमीला जवळजवळ १९० सेंमी लागतात. वेग तिप्पट, अंतर सहापट. म्हणून महागड्या सेन्सरआधी फुकटात वेग कमी करून घ्या. वळण्याचा वेग त्याहून कमी. वेग घेणं हळू. थांबण्याची तीव्रता मात्र फार वाढवू नका, नाहीतर कमरेत ताकद नसलेला माणूस पुढे झुकतो आणि झुकताना जॉयस्टिक पुढे ढकलली जाते. मग खुर्ची पुन्हा सुटते, पुन्हा थांबते, असे हिसके बसत राहतात. हात थरथरत असेल तर कंप गाळण्याचं सेटिंग वाढवा.

जॉयस्टिक उजवीकडे, आणि मागच्या हँडलवर मदतनिसासाठी दुसरी. ही दुसरी जॉयस्टिक ऐच्छिक म्हणून वेगळ्या किमतीला विकतात, पण डिमेन्शियाच्या घरात ती ऐच्छिक नाही. शालीचे पदर, स्वेटरची बाही, जपमाळ जॉयस्टिकमध्ये अडकते. पलंगावर घेताना खुर्ची बंद केली नाही तर कोपर लागून ती चालू पडते. नियम एकच: बसवण्याआधी आणि उतरवण्याआधी बटण बंद. संध्याकाळी चलबिचल वाढत असेल तर कंट्रोलरचं कुलूप लावा. बऱ्याच कंट्रोलरमध्ये बटण आणि जॉयस्टिक ठराविक क्रमाने हलवून ते लागतं.

सेन्सरच्या आधी अजून एक. खुर्चीच्या धडकेत सर्वांत आधी पाय सापडतो. डावा पाय कमजोर असला की टाच पायदानावरून मागे घसरते आणि पाऊल पायदान व पुढच्या चाकाच्या मध्ये जातं, किंवा बाहेर लोंबून चौकटीवर आपटतं. नेग्लेक्टवाल्याला ते कळतही नाही. संध्याकाळी मोजा काढताना नखाखाली काळं पडलेलं दिसतं आणि कधी लागलं ते कुणालाच माहीत नसतं. मधुमेह असेल तर ही जखम महिनोन्महिने भरत नाही. डाव्या पायदानाला टाचेमागचा पट्टा आणि पोटरीमागे आडवी पट्टी लावा. डावा हात खुर्चीच्या हातावरून घसरून बाहेर लोंबतो, त्यासाठी डाव्या हाताखाली पन्हळीसारखा खोलगट टेकू बसवा. या दोन गोष्टी सेन्सरपेक्षा कितीतरी स्वस्त आहेत आणि जास्त जखमा वाचवतात.

आता सेन्सर. अल्ट्रासोनिक सेन्सर ऐकू न येणारा आवाज सोडून प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला ते मोजतो. भिंत, लोखंडी कपाट, लाकडी दार सरळ समोर असेल तर उत्तम. पण कपाट तिरकं असेल तर आवाज दुसरीकडेच उसळतो आणि सेन्सरच्या लेखी वाट मोकळी असते. जाड पडदा, सोफ्याची उशी, घडी घातलेलं ब्लँकेट आवाज पिऊन टाकतात. टेबलाचा बारीक पाय कधी दिसतो, कधी नाही. इन्फ्रारेड सेन्सर काळ्या वस्तूला आणि बाल्कनीतल्या उन्हाला फसतो. लिडार, म्हणजे लेसर किरणाने अंतर मोजणारा सेन्सर, भिंती फार नेमक्या ओळखतो, पण साधा लिडार एकाच उंचीवरचं बघतो. तो पायाच्या उंचीवर लावला तर टेबलाच्या चार पायांमधली पोकळी त्याला मोकळी वाट वाटते आणि फळी गुडघ्यावर बसते. काचेचं सरकतं दार लिडार आणि कॅमेरा दोघांनाही चकवतं. अल्ट्रासोनिकला ते दिसतं. पायरी उतरती आहे हे ओळखायला खाली बघणारा सेन्सर वेगळा लागतो, आणि त्याच्यावर कधीही विसंबू नये. फ्लॅटच्या मुख्य दाराबाहेर जिना असेल तर तिथे बिजागरीचं लोखंडी फाटक बसवा.

तुमच्या वडिलांसाठी प्राधान्य असं: डावीकडे दोन, एक पुढच्या कोपऱ्यात आणि एक मागच्या चाकाजवळ, मागे एक किंवा दोन, पुढे एक. उजवीकडे बहुधा गरज नाही. पुढचा सेन्सर पायदानाच्या टोकापासून अंतर मोजेल असा बसवा, बैठकीपासून नव्हे, नाहीतर तो ४० सेंमी मोकळे सांगतो तेव्हा बोटं भिंतीला लागलेली असतात.

अंतर किती ठेवायचं, यावर सगळं फसतं किंवा निभतं. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये बेडरूमचं दार ९० सेंमीचं असलं तरी पल्ला आणि चौकट धरून मोकळं माप ८० पर्यंत येतं. बाथरूमचं ७५ किंवा त्याहून कमी. मोटारची खुर्ची ६० ते ६५ सेंमी रुंद. ६२ ची खुर्ची ७५ च्या दारातून नेताना बाजूला साडेसहा सेंमी उरतात. बाजूचे सेन्सर ३० सेंमीवर ठेवले तर घरातल्या प्रत्येक दारात कर्कश आवाज होणार, आणि थांबवणारी प्रणाली असेल तर खुर्ची दारातून जाणारच नाही. मग तिसऱ्या दिवशी घरातलं कुणीतरी ती बंद करून टाकतं, आणि ती बंद आहे हे सगळे विसरतात. बाजूला ८ ते १० सेंमी, पुढे ४० ते ५०, मागे ५० ते ६० एवढ्यावर सुरुवात करून घरात आठवडाभर मोजा. दिवसातून वीसदा उगाच वाजत असेल तर अंतर कमी करा किंवा तो सेन्सर काढा.

इशारा कुठे आणि कसा द्यायचा, इथे नेग्लेक्ट परत येतं. डावीकडचा अडथळा दाखवायला डाव्या हाताशी दिवा लावतात. ज्याच्यासाठी डावी बाजूच नाही त्याला तो दिवा कसा दिसणार? दिवा उजवीकडे, जॉयस्टिकच्या शेजारी हवा. थरथर उजव्या हातापाशी किंवा उजव्या मांडीखाली. आवाजाचंही तसंच. शिवाय लहान बझर बहुधा २ ते ४ किलोहर्ट्झला वाजतात, म्हणजे वयाने ऐकू कमी येतं नेमकं त्याच पट्ट्यात. मावशी दचकतात आणि वडिलांना पत्ताच नसतो. ५०० ते १००० हर्ट्झचा जाडसर आवाज किंवा बोललेलं वाक्य चांगलं.

आणि खुर्ची थांबवणारी प्रणाली घ्यावी का? तिथे काय घडतं ते जवळून बघा. जेवणाच्या टेबलाच्या अलीकडे खुर्ची थांबते. वडील जॉयस्टिक पुढे दाबतात. काही होत नाही. आणखी जोराने दाबतात, मग बोटांनी टकटक करतात, मग “बंद पडली ही” म्हणतात. पाय पायदानावर तसेच ठेवून उठायला बघतात. वजन पायदानावर आलं की खुर्ची पुढे कलंडते. म्हणजे धडक टळली आणि पडणं ओढवलं. यंत्राने बरोबर काम केलं, पण कारण अदृश्य होतं. स्मृती शाबूत असलेला माणूस दोन वेळा झालं की कारण शोधतो आणि लक्षात ठेवतो. इथे दर वेळ पहिलीच असते.

म्हणून एकदम थांबण्यापेक्षा आधी हळू होणारी प्रणाली बरी, आणि थांबली तर तिने बोललं पाहिजे. वाक्य मराठीत, घरात ज्या नावाने हाक मारता त्याच नावाने, एका वाक्यात एकच काम: “बाबा, थोडं मागे घ्या.” कारण आणि उपाय दोन्ही एकदम सांगायला जाऊ नका. डावं-उजवं गोंधळत असेल तर “टीव्हीकडे वळा” म्हणा. कुणाकुणाला खुर्चीतून आलेला मुलीचा आवाज धीर देतो. कुणी मुलगी कुठे आहे म्हणून तिला शोधायला निघतात. तसं झालं तर परका पण शांत आवाज रेकॉर्ड करा. दोन-तीन दिवसांत कळतं.

कॉलेजातला कुणी पुतण्या अर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) आणि एचसी-एसआर०४ हे स्वस्त अल्ट्रासोनिक सेन्सर घेऊन हे करून देतो म्हणेल. इशाऱ्यापुरतं जरूर करू द्या. तीन अटी घाला. जॉयस्टिकच्या आणि मोटारच्या तारांना हात लावायचा नाही: तिथे जोड दिला की कंट्रोलर दोष समजून मध्येच करकचून थांबतो, किंवा त्याहून वाईट, चुकीचा संकेत खरा मानून चालू पडतो. वॉरंटी जाते ती वेगळीच. वीज खुर्चीच्या दोन्ही बॅटऱ्यांवरून २४ व्होल्टच्या कन्व्हर्टरने घ्या, एकाच १२ व्होल्टच्या बॅटरीवरून नको, नाहीतर ती एकटी लवकर मरते. मध्ये फ्यूज टाका. तिसरी अट वेळेची. एकाचा प्रतिध्वनी दुसऱ्याने ऐकू नये म्हणून हे सेन्सर एकामागून एक, मध्ये ६० मिलिसेकंद सोडून चालवतात. सहा सेन्सरची फेरी ०.३६ सेकंदाची झाली, तेवढ्यात दोन किमीच्या वेगाने खुर्ची २० सेंमी पुढे गेलेली असते. डावा-पुढचा आणि उजवा-मागचा असे पाठमोरे सेन्सर जोडीने चालवले तर हा वेळ निम्मा होतो. स्वतः थांबणारी खुर्ची मात्र घरी जुळवू नये.

कॅमेऱ्याची खुर्ची कुणी विकत असेल तर चित्रं खुर्चीतच राहतात की इंटरनेटवर जातात ते विचारा. बाथरूमजवळ आणि बेडरूममध्ये हा कॅमेरा फिरणार आहे.

शिकवणं. नवं नाव लक्षात राहत नाही त्या माणसाचा हात नवी सवय लावून घेऊ शकतो, पण सवय चुकीचीही तितकीच पक्की लागते. म्हणून आधी चूक होऊ द्यायची आणि मग सुधारायची, ही पद्धत इथे चालत नाही. चौकट लागण्याआधीच हातावर हात ठेवून थांबवा आणि बरोबर वळण करवून घ्या. एकच वाट घ्या, समजा पलंग ते जेवणाचं टेबल. दिवसातून एकदा वीस-पंचवीस मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, सकाळी, नाश्त्यानंतर. ती वाट सलग काही दिवस विनाधडक झाली की दुसरी. डाव्या चौकटीवर जमिनीपासून मीटरभर लाल पट्टी चिकटवा आणि दारात येण्याआधी “लाल पट्टी बघा” एवढंच म्हणा. मावशी, मुलगा, सून सगळ्यांनी तेच शब्द वापरायचे. ब्यूरोने मावशी बदलून दिली की सगळं पुन्हा विस्कटतं, म्हणून शब्द कागदावर लिहून फ्रिजवर लावा.

घरात उंबरठा असेल तर ५ सेंमीच्या उंबरठ्याला १:१२ च्या प्रमाणाने दोन्ही बाजूंना ६० सेंमीचा उतार लागतो. जागा नसेल तर उंबरठाच काढून घ्या. ओल्या बाथरूममध्ये मोटारची खुर्ची नेऊ नका. दारापर्यंत ती, पुढे कमोडची चाकाची खुर्ची. लिफ्टचं दार आधी मोजा, जुन्या सोसायट्यांत ते ७० सेंमीही असतं. बॅटरीसकट खुर्चीचं वजन सहज पन्नास किलोंच्या वर जातं, लिफ्ट बंद पडली तर उचलून नेता येत नाही. ढकलण्यासाठी मोटारजवळ क्लचची दांडी असते. ती ढकलण्याच्या बाजूला फिरवली की ब्रेकही सुटतो. पार्किंगच्या उतारावर ती कुणी हलवायची नाही, हे वॉचमनलाही सांगून ठेवा. लेड-ॲसिड बॅटऱ्या रोज रात्री पूर्ण चार्ज करा, अर्धवट उतरलेल्या आठवडाभर पडू दिल्या तर लवकर जातात.

पैशांचं: राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या ६५ वर्षांवरच्यांना साहित्यासाठी ३,००० रुपये मिळतात. ते गादी, पट्टा, टेकू यांना पुरतील, मोटारला नाही. त्यामुळे खुर्ची विकत घेण्याआधी महिनाभर भाड्याने मागा, आणि डेमो शोरूमच्या हॉलमध्ये न घेता तुमच्या पॅसेजमध्ये घ्या.

डिमेन्शिया पुढे सरकणार आहे, म्हणून थांबायचं कधी ते आजच ठरवून ठेवा. फ्रिजवरच्या त्याच कागदावर रोजच्या धडका लिहा: कुठे, कोणत्या बाजूला, किती वाजता. डाव्या चौकटीवरच्या धडका वाढल्या तर वेग आणि वाटा कमी करा. सगळीकडे, सगळ्या वेळी वाढल्या, किंवा “थांबा”ला प्रतिसाद दोनदा चुकला, तर वडिलांकडची जॉयस्टिक बंद करून मागच्या हँडलवरची वापरा. खुर्ची विकायची घाई नको. पाठ मागे कलवण्याचं बटण असेल तर ते त्यांच्याच उजव्या हाताशी राहू द्या, ते चुकून दाबलं तरी कुठे धडक होत नाही.